उबेचा भाव

त्या दरीत ऊन उतरत नसे. कडे इतके उंच आणि एकमेकांना इतके खेटून उभे होते, की सूर्य माथ्यावरूनच निघून जाई आणि खालच्या बिळांना, कपारींना त्याची नुसती बातमी कळे. म्हणून दरीतल्या प्राण्यांना ऊब विकत घ्यावी लागे. वर पठारावर गव्यांचा कळप होता. गवे काळे दगड उन्हात लोळवून तापवत आणि घारी ते पंजांत धरून खाली आणत. बिळाच्या तोंडाशी दगड ठेवायचा आणि बोरे घेऊन उडायचे, हा घारींचा पिढीजात धंदा. ऊन असो, ढग असो, दुपार असो की तिन्हीसांज, एका दगडाला मूठभर बोरे. भाव ठरलेला होता, आणि तो चढा होता हे दरीतल्या मुंगीलाही ठाऊक होते.

भिवरा नावाची साळू या दरीत नवरा केरबा आणि दोन तान्ह्या पिल्लांसह राहत होती. मागच्या वेळी थंडी सरण्याआधीच त्यांची बोरे संपली आणि शेवटचे दिवस दोघांनी गारठ्यात काढले. ती दोघे मोठी होती, निभावले. पण यंदा झालेल्या पिल्लांच्या अंगावर अजून काटेही आले नव्हते. दगड निवला की ती आईच्या पोटाशी शिरत आणि थरथरत राहत. या वेळी बोरे संपून चालणार नाही, एवढे भिवराला पक्के कळले होते.

त्याच सुमारास दरीत करकोचे आले. ओल्या सालीच्या झोळीत दगड घालून ते चोचीने आणत. त्यांच्यातला एक वयस्क करकोचा बिळाबिळापुढे उभा राहून तेच बोले.

“आमच्या थव्याचे सभासद व्हा. दर पौर्णिमेला मूठभर बोरं द्या, तेवढीच आमची मजुरी. दगडावर आम्ही काही खाणार नाही. वर गवे जे मागतील, तेच तुम्ही द्यायचं.”

“आणि गवे काय मागतात?” भिवराने विचारले.

“ऊन असलं तर एखाददुसरं बोर. ढग असले तर पुष्कळ.”

“पुष्कळ म्हणजे किती?”

“ते ढगावर आहे, बाई.”

केरबाला हे पटले नाही. करकोचा गेल्यावर तो म्हणाला, “घार लुबाडते खरी, पण ठरवून लुबाडते. उद्या किती जाणार ते आज कळतं. आता काय ढगाच्या मर्जीवर संसार करायचा?”

“मागच्या साली ठरलेल्या भावानंच खड्डा रिकामा झाला ना?” भिवरा म्हणाली. “ह्या साली बेठरलेला भाव बघू.”

भिवराने पौर्णिमेची मूठ दिली आणि ती सभासद झाली.

पहिले दिवस स्वच्छ उन्हाचे होते. दगड जवळजवळ फुकट येत. बिळात दोन दोन दगड एकदम ऊब देत राहिले, पिल्ले त्यांच्यामध्ये पाय ताणून झोपू लागली. भिवराला इतका हुरूप आला की तिने शेजारच्या कपारीतल्या तानाआत्यालाही भरीस घातले. तानाआत्या म्हातारी घोरपड. तिचे रक्तच थंड. संध्याकाळी एक लहानसा दगड पोटाखाली मिळाला नाही तर तिला हालचाल करता येत नसे. “तू म्हणतेस तर होते बाई सभासद,” ती म्हणाली. “मला त्यातलं काय कळतंय?”

मग ढग आले. पठारावर मोजकेच दगड तापू लागले आणि गव्यांनी भाव चढवला. त्या संध्याकाळी करकोच्याने एका दगडाला तीन मुठी सांगितल्या. भिवराने त्या दिल्या, कारण पिल्ले कुडकुडत होती. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. दरीतले बरेच प्राणी ‘झाली तेवढी फसगत पुरे’ म्हणत घारींकडे परतले. केरबा तिला काही टाकून बोलला नाही. तो नुसता बोरांच्या खड्ड्याशी जाऊन आत बघून यायचा, आणि ते भिवराला बोलण्यापेक्षा जड जायचे.

तिसऱ्या सकाळी ती करकोच्याची वाट बघत बाहेर बसून राहिली.

“भाव दिवसभर असाच असतो का?” तिने विचारले.

“नाही. दुपारी बराच उतरतो.”

“ढगातसुद्धा?”

“ढगातसुद्धा. दुपारी कुणी दगड मागत नाही, मग गव्यांकडे ते पडून राहतात. सांज झाली की अख्खी दरी एकदम हाका मारते आणि गवे मान ताठ करतात.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

करकोचा थोडा ओशाळला. “सगळ्यांना सांगितलं होतं. पण ऊन होतं तेव्हा कुणी ऐकलं नाही.”

भिवराला आठवेना, पण तिने वादही घातला नाही. तिने बिळाच्या मागच्या बाजूला खोल उकरले, तळाशी कोरडी माती पसरली, वर पाचोळा दाबून भरला. दुपारी दगड स्वस्तात घेतला, त्या खड्ड्यात पुरला आणि वरून आणखी पाचोळा लोटला. केरबा बघत होता.

“निवेल तो,” तो म्हणाला.

“निवेलही,” ती म्हणाली.

सांजेपर्यंत तिचे कशात लक्ष लागले नाही. दरीत हाका सुरू झाल्या, घारी आणि करकोचे वरखाली करू लागले, आणि तिच्या दारात काहीच आले नाही. दगड निवला असेल तर आता तिप्पट मोजावे लागणार होते. तिने पाचोळा बाजूला केला आणि पंजा आत घातला. दगड ऊनऊन होता, नुकत्याच निजून उठलेल्या पोराच्या अंगासारखा. तिने केरबाचा पंजा ओढून त्यावर ठेवला. केरबा बराच वेळ तो तसाच ठेवून बसला. मग खाकरून म्हणाला, “उद्या खड्डा आणखी खोल करतो मी.”

ढगांचे दिवस असे निघाले. रोज दुपारी दगड, रोज पाचोळा, आणि संध्याकाळी कुणाला हाक मारायची गरज नाही. भिवराला आता नीट झोप लागू लागली होती. पण एका दुपारी तानाआत्या दिसली नाही, म्हणून ती कपारीत डोकावली. म्हातारी भिंतीला चिकटून पडली होती. डोळे उघडे होते, पण पापणी हलत नव्हती.

भिवराने घरचा पुरलेला दगड उपसून आणला आणि तिच्या पोटाखाली सरकवला. बऱ्याच वेळाने म्हातारीची जीभ हलली.

“दोन संध्याकाळी दगडच घेतला नाही गं. परवडेना.”

“आत्या, दुपारी घेऊन पुरून ठेवायचा.”

“खड्डा कोण उकरणार? माझी नखं गेली. आणि मला लागतो एक एवढासा दगड. तो स्वस्त मिळाला तरी वाचणार किती? आणि पौर्णिमेची मूठ वेगळीच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझ्या जिवाला लागेल म्हणून.”

भिवरा तिथून उठली ती थेट करकोच्याकडे गेली. रागावून बोलायचे असे तिने वाटेत ठरवले होते, पण त्याच्यासमोर उभी राहिल्यावर तिने साधे विचारले, “तानाआत्यासारखीला तुमच्यात राहून फायदा आहे का? खरं सांगा.”

करकोच्याने एक पाय वर घेतला, खाली टेकला.

“नाही,” तो म्हणाला. “तिचं लागणंच थोडं, आणि तेही सांजेलाच. तिला घारच बरी.”

“आता तिनं निघायचं तर काय द्यावं लागेल?”

“काही नाही. आजपासून नाही म्हणा, झालं. ह्या महिन्याची मूठही परत देतो.”

भिवराची भांडायची सगळी तयारी वाया गेली होती, आणि इतके हलके तिला कितीतरी दिवसांत वाटले नव्हते.

घारीशी बोलायला केरबा गेला. त्याची तिथे जुनी ओळख. तो परतला तो चेहरा उजळूनच. करकोचे आल्यापासून इतकी गिऱ्हाइके तुटली होती, की परतलेली पुन्हा जाऊ नयेत म्हणून लहान दगडासाठी घारींनी भाव अर्ध्यावर आणला होता. “आणि घार मला म्हणते, बसा ना,” तो सांगत होता. “आजवर कधी बसा म्हणाली नव्हती.”

थंडी सरली. कड्यांवरून पाझरणारे पाणी पुन्हा वाहते झाले, तेव्हा भिवरा आणि केरबा बोरांच्या खड्ड्याशी गेले. उन्हाच्या पहिल्या दिवसांत वाटली होती तशी काही रास उरली नव्हती. पण तळ दिसत नव्हता. केरबाने वाकून एक बोर काढले आणि तिच्या पंजात ठेवले. तिने ते तिथेच खाल्ले.

त्याच दुपारी घारीने तानाआत्याच्या दारात दगड ठेवला आणि करकोच्याने भिवराच्या. वर कुण्या गव्याचा पाय पडून मोठा धोंडा फुटला होता, त्याचे ते तुकडे. आत्याला सोबत हवी होती, म्हणून ती आपला तुकडा नाकाने ढकलत साळूंच्या बिळात घेऊन आली. पिल्लांच्या पाठीवर आता काटे उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही तुकडे लोळवत एकमेकांना भिडवले. कडेला कड बसली, फटही उरली नाही. एका तुकड्यातून निघालेली पांढरी गारगोटीची रेघ सरळ दुसऱ्यात गेली होती. एक पिल्लू इकडच्या बाजूला पसरले, दुसरे तिकडच्या, आणि म्हातारी घोरपड दोन्हींवर पोट टेकून डोळे मिटून पडली.