हातभर तोकडे कापड

भक्तजनहो, खाडीच्या मुखाशी वसलेल्या आगरवेळ गावात श्रीविश्रामनाथ महाराज त्या वर्षी वैशाखातच येऊन राहिले होते. पलीकडच्या तीरावरची माणसे दर्शनाला येत, ती रेवती सारंगच्या छोट्या होडीतून. रेवती विधवा. त्या होडीवरच तिची चूल पेटायची. महाराजांचे नाव घेतल्याशिवाय तिने वल्हे कधी पाण्यात घातले नाही.

पावसाळ्यात होड्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ओढून नारळाच्या विणलेल्या झापांनी झाकायच्या, ही तिथली रीत. पण मागच्या वर्षी झापे कुजली आणि रेवतीच्या होडीच्या दोन फळ्या गेल्या. म्हणून यंदा तिने भावाकडून शिडाचे जाड कापड आणले. पातळ कापड गळते आणि मेणकापड आतली ओल कोंडते, हे तिला ठाऊक होते. पाणी दोन्हीकडे ओघळावे म्हणून तिने होडीच्या लांबीभर आडवा बांबू उंचावर बांधला, कापड तीनदा विहिरीच्या पाण्यात भिजवून सुकवले आणि मगच सुई धरली. पण कापड अंदाजापेक्षा जास्त आटले होते. बसवायला घेतले, तर होडीचे पुढचे टोक हातभर उघडे!

नेमका तेव्हाच गावचा जमीनदार त्र्यंबक खोत चार माणसांसह तिथे आला. शेजारीच त्याची हौसेची होडी होती. तिच्यावर मुंबईचे कोरे कापड, ढोलासारखे ताणून पितळी कड्यांनी बसवलेले.

"अगो रेवती, कापड होडीवर घालायचं होतं की धुऊन नेसायचं होतं?" खोत म्हणाला. चौघे खो खो हसले.

"खोतानू, कोरा कापड पावसात आटता. तुमचाय आटतला."

"मला शिकवतेस? उद्या ही उघडीबोडकी होडी माझ्या पुळणीवरून हलव. ने तिकडे खडपावर!"

खडपाच्या कातळावर पावसाळ्यात लाटा आपटतात. दोन दिवसांत होडीचे सरपण झाले असते. काय हा माज! वाळू आणून टाकली समुद्राने, आणि म्हणे माझी पुळण! आणि ते हसणारे चौघे? रोज तिच्याच होडीतून पलीकडे जाणारे. सांगतानाही अंगाचा तिळपापड होतो.

रेवती तशीच महाराजांकडे धावली. "म्हाराज, माझा काय चुकला? होडी गेली तर मी खाव काय?"

महाराज पुढ्यातले पान सारून उठले आणि तिच्याबरोबर पुळणीवर आले. कापडाची तोकडी कड त्यांनी हातात धरली.

"किती वेळा भिजवलंस?"

"तीन खेपे."

"मग तुझं काही चुकलेलं नाही. नाम घे आणि ओढ दोरी."

रेवतीने ओढली. आणि कापड येऊ लागले! ना शिवण ताणली, ना धागा विरळ झाला. टोक झाकले, शिवाय वीतभर कापड खाली दुमडायला उरले. महाराजांच्या मागून आलेले लोक हात जोडून उभे राहिले.

"ओढलं की कापड येतंच," खोत नाक मुरडून म्हणाला; पण महाराजांदेखत त्याने खडपाचे नाव पुन्हा काढले नाही.

तिसऱ्या दिवशी पावसाने झोडपायला सुरुवात केली, ती पाच दिवस. खोताचे कोरे कापड भिजून आटले, कड्या उखडल्या, कापड उभे फाटले. होडी काठोकाठ भरून फळ्या उकलल्या. रेवतीच्या होडीत हात फिरवला तर तळवा कोरडा!

उघडीप मिळताच खोत एकटाच गुपचूप आला आणि महाराजांच्या पायांवर पडला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"हसलास चारचौघांत आणि वाकतोस एकटा?"

"चुकलो, महाराज."

"माझा काय अपराध केलास?" महाराजांचा आवाज चढला. "जिच्या पोटावर पाय देत होतास, तिच्यापुढे जा. सगळ्यांदेखत!"

संध्याकाळी सारा गाव पुळणीवर जमला. खोताने पागोटे काढले आणि रेवतीपुढे वाकला. रेवतीचा राग गेला नव्हता. का जावा?

"खोतानू," ती म्हणाली, "पुळण कोणाची, ता आधी सांगा."

खोताने ओल्या वाळूवर डोके टेकले.

"सगळ्यांची गो, बाय."