माळ्यावरची पेटी

“मग तुम्हीच सांगा भंतेजी, पेटी खोटी नाही तर काय मी खोटा?”

संबोध गेडाम विहाराच्या पायरीवर उभा राहून विचारत होता. बगलेत नवी पेटी. या महिन्यातली तिसरी. आधीच्या दोन पेट्या ज्याने विकल्या त्याला वाटेत फोनवर भरपूर सुनावून झालं होतं, तरी राग उतरला नव्हता.

भंते शीलरत्न ओसरीवर बसून सुईत दोरा ओवत होते. भिक्षूचं चीवर घेण्याआधी या माणसाने वीजखात्यात लाइनमन म्हणून बावीस वर्षं खांब चढून काढली होती. संबोधच्या हातात पहिला टेस्टर त्यांनीच दिला. पण पोरगा पुढे नागपूरला जाऊन इंजिनिअर झाला, आणि आता कशाला विचारतोय तो लाइनमनला.

काम मात्र त्याने देखणं केलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. नाल्याकाठच्या झाडांवर चार कॅमेरे. तिथून निघालेल्या तारा नळीत घालून थेट विहाराच्या माळ्यावर. वर पत्रा, खाली फळ्या, आणि मधे ती पेटी, म्हणजे कॅमेऱ्यांतली चित्रं तपासणारा छोटा संगणक. नाल्यावर वाघ दिसला की पेटीला कळायचं आणि छपरावरचा भोंगा वाजायचा. खाली एक तार म्हणून दिसत नव्हती. जानेवारीत उद्घाटन झालं, तेव्हा सरपंचांनी शाल दिली होती.

आता मे होता. तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा हंगाम. गावातल्या बाया पहाटे जंगलात जात आणि दुपारी डोक्यावर पानांचे भारे घेऊन नाला ओलांडत परत येत. काल वाघ नाल्यातल्या पाण्यात बसला होता आणि भोंगा वाजलाच नाही. बाया अगदी काठावर येऊन थबकल्या. सगळ्यांत पुढे संबोधची आई होती.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “तुझा भोंगा मुका हाय का रे, बाबू?”



“काल किती वाजता बंद पडली?” भंतेजींनी विचारलं.

“पावणेबाराला.”

“त्याआधीची?”

“तीही बाराच्या सुमारास. पण माझ्या मांडणीत खोट नाही, भंतेजी. रोज सकाळी सहाला मी स्वतः माळ्यावर जाऊन बसतो. एकेक जोड तपासतो. माझ्यासमोर एकदाही बंद पडली नाही.”

“हं…”

“पेट्याच कच्च्या होत्या. ही एक नंबर आहे. उद्या सकाळी बसवतो.”

“आत्ता बसव.”

संबोधने अंगणाकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते. चिटपाखरू नव्हतं.

“आत्ता?”

“आज वनरक्षक गेलाय बायांसोबत. उद्या तो नाही.”

लाइनमनसमोर माघार घेणं जमणारं नव्हतं. त्याने शिडी लावली, फळी सरकवली आणि पेटी घेऊन वर शिरला.

भंतेजींचा दोरा अजून ओवून व्हायचा होता, तेवढ्यात संबोध खाली. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद, एक तळहात पत्र्याला लागून भाजलेला. पेचकस वरच राहिला होता. पेटीही वरच.

भंतेजींनी माठातलं पाणी दिलं. दोन पेले त्याने उभ्याउभ्याच संपवले.

“आत्ता नाही जमायचं,” तो धापा टाकत म्हणाला. “श्वास घेववत नाही वर. सकाळीच बरं.”

“सकाळी उतरतोस किती वाजता?”

“नऊच्या आत. नंतर माणूस टिकतच नाही तिथं.”



भंतेजींनी सुई बाजूला ठेवली आणि ते उठले. आत उत्तरेच्या जाड भिंतीत एक कोनाडा होता. भिंतीमागे कडुनिंबाची सावली, त्यामुळे भर उन्हाळ्यातही आत हात घातला की गारवा लागे. तिथं त्यांचं भिक्षापात्र असायचं. त्यांनी ते उचलून जमिनीवर ठेवलं. मग चीवराच्या टोकाने कोनाडा पुसला. सावकाश, कोपऱ्यांसकट.

संबोध दारात उभा राहून बघत होता. काय चाललंय ते त्याला कळलं, आणि ते कळणं त्याला आवडलं नाही.

“पण भंतेजी… तारा खाली आणाव्या लागतील. सगळ्यांना दिसतील.”

भंतेजींनी वर, फळ्यांकडे पाहिलं.

“तू नऊला उतरतोस,” ते म्हणाले. “पेटी किती वाजता उतरते?”