न्हाणाचा कातळ

शाम्पूची बाटली पिशवीतच राहू द्या, पावण्यांनो. डोह बघा, हातपाय धुवा. केस धुवायचे तर त्या वरच्या कातळावर. इथून चाळीस पावलं. आमच्या बायका भरला हंडा तिथवर नेतात, आणि न्हाणाचं पाणी पलीकडच्या उताराने रिठ्याच्या झाडाकडे जातं. माझे गुडघे बोंबलतात, पण मी एक पाऊल कमी केलेलं नाही.

हा डोह काळकाईचा. यातले मासे म्हणजे देवीची लेकरं, त्यांना कुणी गळ लावत नाही. फार मागे इथे धुरपाई नावाची बाई राहायची, असं सांगतात. तिची सून मैना. मैनेचे केस गुडघ्यापर्यंत होते म्हणे, आणि ते राखले होते सासूने. शिकेकाई, रिठे, आवळकाठी आदल्या दिवशी भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची. न्हाऊन झालं की जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस चोळायची, केस मऊ राहावेत म्हणून. पोटच्या लेकीचं कुणी एवढं करत नाही.

एका चैत्रात मैनेच्या भावाचं लग्न निघालं. डोह आटून गुडघाभर उरला होता. सूनबाई धुळीच्या केसांनी माहेरी गेली तर लोक काय म्हणतील, हे धुरपाईच्या जिवाला लागलं. पाणी घरी वाहून न्यायचा तिला कंटाळा आला. भर दुपारी, काठावर चिटपाखरू नसताना, तिने मैनेला डोहातच बसवलं.

"आत्याबाई, इथं नको वो," मैना म्हणाली.

"एवढ्याशा फेसानं काय व्हतंय? बस गपगुमान."

रिठ्याच्या फेसाने मासा गुदमरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. धुरपाईला ठाऊक नव्हतं थोडंच! उन्हं कलेपर्यंत सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. एकही वाचला नाही.

गाव गोळा झालं. कुणाचं काम, हे विचारावंच लागलं नाही. मैनेचे केस अजून ओले होते, रिठ्याचा वास येत होता. गावाने सांगितलं, केस कापून देवीला वाहा आणि माहेरची वाट धर. मैनेने एकदा सासूकडे बघितलं. धुरपाई हात पदराखाली घेऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. मैनेने मान खाली घातली आणि केस कापू दिले.

धुरपाईला पुढे झोप लागेना. आठ दिवसांनी ती चावडीवर जाऊन ओरडून सांगायला लागली, हात माझा होता. गावाने माणसं मैनेच्या माहेरी धाडली. ती तिथे पोचलीच नव्हती. कुठे गेली, कुणालाच कळलं नाही. मला तर अजून धुरपाईचा राग येतो, आणि कीवही येते. मरेपर्यंत ती त्या वरच्या कातळावर पाणी वाहत होती, गावातल्या सुनांना न्हाऊ घालत होती.

डोहात मासे पुन्हा आले, ते पुढच्या पुराबरोबर. आजही चैत्रात प्रत्येक सासू सुनेला त्या कातळावर बसवते. पहिला तांब्या ओतण्याआधी म्हणते, "हात माझा होता." मीही दरसाल म्हणते. सुनेने त्यावर काही बोलायचं नसतं. जिने ऐकायला हवं होतं, ती परत आलीच नाही.