उत्तरेचा विस्तव

एका राज्यात सात वर्षं राक्षसाशी लढाई चालली. तिथला राजा वज्रबाहू आणि उत्तरेचा मांत्रिक राजा कालदमन, दोघांनी मिळून राक्षस मारला. मरता मरता त्यानं फुंकर घातली, आणि दोन राजवाडे सोडून सगळ्या चुली विझल्या.

वज्रबाहूनं विजयोत्सवासाठी आपला विस्तव राखला नि दरवाजे लावून घेतले. कालदमनानं मात्र गावोगाव मडक्यांतून निखारे धाडले. ज्यानं ते चुलीत घातले, त्याचं तोंड नि चुलीचा धूर उत्तरेकडे फिरला नि जिभेवर कालदमनाचीच स्तुती आली. एक बाण न सुटता सात गावं कालदमनाकडे गेली. मग कसली वज्रबाहूला झोप! ज्याचा धूर उत्तरेकडे झुकेल त्याला बेड्या.

लढाईत दोन मुलगे गमावलेली सगुणा सातव्या गावी लेकीकडे, चंद्राकडे गेली. चंद्रा म्हणाली, "कोण गं तू म्हातारे? कालदमन महाराजांची का?"

सगुणा उठली ती थेट बोलत्या भारद्वाज पक्ष्याच्या झाडाखाली.

"उपाय सांग."

"राक्षस पडला त्या डोहाच्या पाण्यानं चूल विझव. तुझ्या मुलांच्या चितेच्या राखेनं सारव. राजानं स्वहस्ते दिलेल्या विस्तवानं पेटव."

पाणी आणलं. राख तर तिच्या पदरालाच बांधलेली. राहिला राजा. दोन मुलांची वीरमाता म्हणून तिला दरबारात सोडलं, तिनं विस्तव मागितला.

राजा म्हणाला, "सिंहासनाचा अग्नी चुलीत घालायचा?"

"शेजारीण मागायला आली तर आम्ही नाही म्हणत नाही, महाराज. तुम्ही कुठल्या घरचे?"

प्रधान ओरडला, "ही उत्तरेची हेर आहे!"

"माझे मुलगे या राजाच्या घोड्यापुढे पडले, तेव्हा कुणाची होते रे मी?"

तेवढ्यात खिडकीतून आठव्या गावचा धूर उत्तरेला कलताना दिसला. राजानं घाईघाईनं निखारा दिला. भांडं दिलं नाही. सगुणानं तो तळहातावर नेला.

विझवून, सारवून चंद्राची चूल पेटवली, धूर सरळ वर गेला. "आई!" म्हणून चंद्रा गळ्यात पडली. आठही गावांनी तिच्या चुलीतला विस्तव नेला आणि शाप सुटला.

राजा नगारे वाजवत आला. प्रधान चंद्राला म्हणाला, "फितूर बाई, परक्याचा विस्तव घेतलास का?"

चंद्रा म्हणाली, "बाळ गारठलं होतं. विस्तव मागत राजवाड्याच्या दारात दोन दिवस उभी होते, कुणी उघडलं नाही. बाळ तिथंच गेलं. उत्तरेचं मडकं आलं ते तिसऱ्या दिवशी. थोरल्या लेकीसाठी घेतलं."

सगुणाला हे ठाऊक नव्हतं. ती राजासमोर जाऊन उभी राहिली.

"पुन्हा दार लावलंस, तर उत्तरेचं पहिलं मडकं मी घेईन."

नगारे थांबले. बेड्या सुटल्या, राज्याची घडी बसली. तेव्हापासून राजा स्वतः दारात बसून आल्यागेल्याला विस्तव देतो, आणि सोबत भांडंही.