बॉम्ब उतरवलेले विमान

एकदा एका वृद्धाकडे एक शिष्य विमाने करायला शिकत होता. विमाने म्हणजे उडणारी नव्हेत. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, आणि शेवटी खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे, वीतभर लांबीचे एक विमान टेबलावर उभे राहते. या कामाला पोरखेळ म्हणणारे लोक गावात पुष्कळ होते. त्यांच्यापैकी एकानेही कधी विमानाचे चाक सरळ बसवून पाहिले नव्हते.

वृद्धाचे उभे आयुष्य हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करण्यात गेले होते. त्यांनी कधी कोणाच्या हाती पाटी दिली नव्हती, तरी गाव त्यांना गुरुजी म्हणे. माणूस वयस्क असला आणि कमी बोलत असला की आपल्याकडे तो गुरुजीच ठरतो. शिष्यही काही पोरगेला नव्हता. पस्तिशी उलटलेला, शाळेत चित्रकला शिकवणारा गृहस्थ. हात सुरेख, नजर बारीक, आणि स्वतःच्या हाताविषयी मत त्याहून सुरेख.

गुरुजींच्या घरातून जे विमान बाहेर जाई, त्याच्या लाकडी बैठकीखाली करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली असे. सहा वर्षे शिष्य दर रविवारी येत होता आणि सहा वर्षांत त्याच्या नावाची चिठ्ठी एकदाही लागली नव्हती. दर वेळी काही ना काही राहून जाई. वरवर तो हसून घेई, पण मनातून त्या एका चिठ्ठीसाठी झुरत होता.

एके दिवशी गावातला लोखंडाचा व्यापारी गुरुजींकडे आला. त्याचा थोरला भाऊ हवाई दलात वैमानिक होता. त्याला जाऊन बरीच वर्षे झाली होती. भावाच्या नावाने त्याने गावात वाचनालय बांधले होते, आणि युद्धात भावाने जे विमान चालवले त्याची प्रतिकृती तिथे काचेच्या पेटीत ठेवायची होती. "आमचा दादा म्हणजे वाघ," व्यापारी म्हणाला. "शत्रूच्या मुलखात शिरायचा आणि आग लावून यायचा." पुरावा म्हणून त्याने लाल फडक्यात बांधलेली भावाची उड्डाणांची नोंदवही आणली होती. वहीवर हळदीकुंकवाची पुटे चढलेली. घरी ती देवघरात असे आणि दर दसऱ्याला तिची यथासांग पूजा होई. इतक्या वर्षांत ती कोणी वाचली मात्र नव्हती. ज्याची पूजा होते ते वाचायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही.

गुरुजींनी काम शिष्यावर सोपवले. वही वाच आणि कर, एवढेच म्हणाले. हे विमान बरे झाले तर चिठ्ठी आपल्या नावाची लागेल हे शिष्याने ओळखले आणि त्याच्या अंगात बारा हत्तींचे बळ संचारले.

त्याने वही उघडली. पहिल्या पानावरचा फोटो पाहिला, विमानाचा क्रमांक टिपून घेतला. पुढे इंग्रजीतल्या आखूड आखूड नोंदी होत्या, शेकड्यांनी. त्याने चार पाने उलटली, वैमानिकाचे अक्षर चांगले आहे असा चित्रकलेच्या शिक्षकाला साजेसा अभिप्राय मनात नोंदवला आणि वही मिटली. खरी भुरळ त्याला खोक्याच्या झाकणाने घातली होती. झाकणावर तेच विमान सूर मारत होते, पोटाखालून बॉम्ब सुटत होते, खाली ज्वाळा उठल्या होत्या.

आता या खोक्यांची एक रीत असते. एकाच विमानाचे दोनतीन प्रकार असतात, म्हणून सगळ्यांचे भाग एकाच खोक्यात भरून येतात. कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे ते करणाऱ्याने ठरवायचे. शिष्याने काहीच सोडले नाही. पंखांखाली आठ बॉम्ब लावले, रॉकेटांचे जुडगे लावले. जे जे लटकवण्यासारखे होते ते ते लटकवले. शेवटी, सुटे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिच्यावर, पारदर्शक प्लास्टिकच्या बटणाएवढ्या तीन गोल काचा उरल्या. खोक्यात काहीतरी उरतेच, असे म्हणून त्याने त्या बाजूला टाकल्या.

तीन महिन्यांनी विमान पुरे झाले. शनिवारी संध्याकाळी व्यापारी येऊन पाहून गेला आणि बेहद्द खूश झाला. बघणाऱ्याची छाती दडपली पाहिजे, तशी दडपते आहे, असे तो दोनदा म्हणाला. तो गेल्यावर गुरुजींनी विमान चहूबाजूंनी निरखले आणि शिष्याला विचारले, "हे कोणत्या दिवसाचं विमान?"

युद्धातले, असे शिष्याने हसत सांगितले. गुरुजी पुढे काही बोलले नाहीत. ते शांत राहिले म्हणजे पसंती मिळाली, असा शिष्याने सोयीचा अर्थ लावला. स्वतःच्या नावाची चिठ्ठी सुंदर अक्षरात लिहून त्याने ती विमानाशेजारी ठेवली आणि तो तरंगत घरी गेला.

रविवारी सकाळी येऊन पाहतो तो आठही बॉम्ब एका वाटीत पडलेले. रॉकेटे त्यांच्यावर. पंखांखालच्या खुणा पुट्टीने बुजवून, घासून, पुन्हा रंगवलेल्या. आणि विमान उताणे, त्याच्या पोटाला हातड्रिलने पाडलेली तीन भोके. गुरुजी शेजारी बसून चहा पीत होते.

शिष्याचे डोकेच फिरले. म्हातारा जळतो, असे त्याच्या मनात आले. सहा वर्षे दाबून ठेवले आणि आता नाव बाहेर जाणार तर ते याला बघवत नाही. इतके सगळे तो बोलला नाही. "माझे तीन महिने गेले, गुरुजी," एवढेच त्याच्या तोंडून निघाले. तेवढ्यात प्रतिकृती न्यायला व्यापारीही आला. विमानाकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. दादाचे बॉम्ब कुठे गेले, असे त्याने विचारले, आणि त्या विचारण्यात रागापेक्षा भीतीच जास्त होती.

गुरुजींनी वही शिष्यापुढे सरकवली. आत कागदाची खूण घातलेली होती. तिथून वाच, म्हणाले.

शिष्याने वाचले. तारीख, उड्डाणाची वेळ, परतल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: छायाचित्रण, शस्त्रे नाहीत. त्याच्या खालची नोंद वाचली. तोच शेरा. त्याच्या खालची वाचली. पाने उलटत गेली, तारखा बदलत गेल्या, शेरा बदलला नाही. युद्धाच्या काळातली अशी एक्केचाळीस उड्डाणे होती. वाचता वाचता शिष्याचा आवाज खाली आला.

व्यापारी खुर्ची ओढून वहीशेजारी बसला. गावभर त्याने भावाचा पराक्रम सांगितला होता. वाचनालयाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवरही तो छापला होता. "म्हणजे दादा लढलाच नाही?" त्याने विचारले.

"शेठ," गुरुजी म्हणाले, "फोटो काढणारी विमानं मी माझ्या हातांनी सज्ज केली आहेत. तीन कॅमेरे पोटात, बाकी काही नाही. फोटो नीट यायचा तर विमान सरळ रेषेत न्यावं लागतं. जरा कललं की चित्र वाया. खालून तोफा चालू झाल्या तरी वाट बदलायची नाही, आणि उलट मारायला जवळ काही नाही. तुमचा दादा असा एक्केचाळीस वेळा गेला. त्याच्या हाती शस्त्र नव्हतं. आपण ते दिलं, आणि त्याचं धैर्य काढून घेतलं."

मग ते शिष्याकडे वळले. "खोक्यात सगळं असतं, कारण खोक्याला माणूस ठाऊक नसतो. तुला तो ठाऊक करून घेता आला असता. आणि मीही शहाणा नाही. तुला दिवस सांगता आला नाही, तेव्हा काल कुठे मी वही उघडली."

शिष्याला लाज वाटली, आणि त्या लाजेत सकाळचा राग कधी विरून गेला ते त्याला कळलेही नाही. बाजूला टाकलेल्या तीन काचा त्याने शोधून काढल्या. प्लास्टिक जोडायचा नेहमीचा गोंद काचेला लागला तर काच धुरकट होते, म्हणून लाकडाचा पांढरा गोंद काडीच्या टोकावर घेऊन त्याने एकेक काच पोटातल्या भोकात बसवली. व्यापारी तोवर वही मांडीवर घेऊन, एकेका ओळीखाली बोट फिरवत, भावाचे दिवस वाचत होता. काम झाल्यावर शिष्याने आपली चिठ्ठी उचलून मुकाट्याने खिशात घातली. गुरुजींनी ते पाहिले. काचा तू बसवल्यास, चिठ्ठी लाव, असे ते म्हणाले, आणि त्यांनी चहाचा दुसरा कप मागवला.

उद्घाटनाला गाव लोटले होते. शिष्य काचेच्या पेटीजवळच उभा होता. पाहुणे म्हणून आलेल्या एका बड्या गृहस्थाने विमानाकडे नजर टाकली आणि थोडे हसून विचारले, "शेठ, लढाऊ विमान ना हे? मग याचे बॉम्ब कुठे आहेत?"

पत्रिका सगळ्यांच्याच हातात होती. शिष्याने व्यापाऱ्याकडे पाहिले.

"नव्हतेच," व्यापारी म्हणाला. "पत्रिकेत छापलंय ते चुकीचं आहे, ती चूक माझी. दादा नुसता बघून यायचा. एक्केचाळीस वेळा गेला, आणि दर वेळी सरळ गेला."

पाहुणा पुढे जायला निघाला होता. तो थांबला आणि पेटीपाशी वाकून विमानाच्या पोटाकडे पाहू लागला. व्यापारी त्याला तीन काचा बोटाने दाखवू लागला, आणि दाखवता दाखवता वहीतल्या तारखा सांगू लागला. इतकी वर्षे तो भावाचा पराक्रम सांगत आला होता. वहीत लिहिलेला भाऊ मात्र तो आज पहिल्यांदाच सांगत होता.