सुतळीचं पेंटेन

“…म्हणजे नियम सगळे तोंडपाठ, आणि उत्तर तेवढं चुकतं. हे कसं, सर?”

आठल्ये सरांनी मान वर केली नाही. ते पडवळाला दगड बांधत होते. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं दगड टांगतात. हे काम चालू असताना मध्ये कुणी बोललेलं सरांना खपत नसे.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात सेंद्रिय रसायन शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या दत्ताच्या मठात राहायला आले आणि परसातली भाजी सांभाळू लागले. गावानं त्यांना केमिस्ट्रीबुवा करून टाकलं. या बुवांकडे अंगारा मिळत नसे, तरी शिकणारी मुलं यायची. आली की आधी झाडांना पाणी घालावं लागायचं.

शमिका गुरव मात्र त्या दिवशी पाणी घालायला आली नव्हती. सरांनी दिलेलं जाडजूड पुस्तक परत करायला आली होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा सेंद्रिय रसायनाचा हा एकच पेपर तिचा दोनदा गेला होता. उद्या तिसरी खेप होती, आणि घरच्यांच्या लेखी शेवटची.

“पुस्तक पायरीवर ठेव,” सर म्हणाले.

“उद्या मी पेपरला जात नाही, सर. सकाळच्या गाडीनं ठाण्याला जाते, मावशीकडे. तिनं एका दुकानात काम बघून ठेवलंय.”

“बरं.”

शमिकाला वाटलं होतं, सर रागावतील. निदान समजूत तरी काढतील. त्या ‘बरं’नं तिचा जीव अगदी एवढासा झाला.

“म्हणजे तुम्हालाही माहीतच होतं. मी ढ आहे ते.”

सरांनी सुतळीला गाठ मारली, ओढून पाहिली.

“रेणूंना नावं द्यायचे नियम पाठ आहेत म्हणालीस ना? म्हण बघू.”

तिनं डोळे मिटले आणि एका दमात सुरू झाली. सर्वांत लांब साखळी शोधावी. शाखा ज्या टोकाला जवळ, त्या टोकाकडून आकडे द्यावेत. शाखांची नावं अक्षरक्रमानं लिहावीत… कुठे अडखळणं नाही, की श्वास घेणं नाही. वर्गात इतके नियम कुणालाच पाठ नव्हते. दोनदा नापास होऊनही तिच्याजवळ ताठ मानेनं सांगण्यासारखं उरलं होतं ते एवढंच.

“आरती छान झाली,” सर म्हणाले. “आता प्रसाद वाटायचा का?”

ती चिडली. चिडणारच.

“एक शब्द चुकला असेल तर सांगा, सर.”

“एकही नाही.”

“मग?”

सरांनी वेलाच्या मांडवाची एक काटकी घेतली आणि मातीत आडवी रेघ ओढली. रेघेवर चार ठिपके दिले, म्हणजे चार कार्बन. दुसऱ्या ठिपक्यापासून खाली एक छोटी रेघ काढली आणि तिच्यावर आणखी दोन ठिपके दिले.

ज्यांना या विद्येची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार कार्बनांची साखळी ती ब्युटेन, पाचांची पेंटेन, सहांची हेक्झेन. साखळीच्या बाजूला एकटा कार्बन लोंबत असला तर तो मिथाइल, दोन असले तर इथाइल; कितव्या कार्बनाला लोंबतो, तो आकडा नावाच्या आधी. एवढ्याशा गोष्टीपायी दरवर्षी कितीतरी पोरं रडतात.

“नाव सांग.”

“टू-इथाइल ब्युटेन.” शमिकानं क्षणाचाही वेळ लावला नाही.

सर पुढच्या पडवळाकडे वळले. दगड निवडू लागले.

“चुकलं?”

“मी काही बोललो?”

“तुम्ही गप्प बसलात की चुकलेलंच असतं.”

“साखळी कोणती धरलीस?”

“ही. चार कार्बनांची. सरळ समोर तर आहे.”

“सरळ कुणी काढली?”

“तुम्ही.”

“का काढली?”

शमिका गोंधळली. “का म्हणजे… काढायला सोपी म्हणून.”

“मग ती माझी सोय झाली. त्यात त्या बिचाऱ्या कार्बनांचा काय संबंध?”

ती मातीतल्या रेघेकडे बघत राहिली. तिला काही दिसेना. डोळे मात्र भरून आले, आणि ते सरांना दिसू नयेत म्हणून ती वेलाकडे तोंड करून उभी राहिली.

सरांनी सुतळीचं बंडल तिच्याकडे टाकलं.

“गाठी मार.”

“कसल्या?”

“जशी रेघ आहे तशी सुतळी घे. जिथे कार्बन, तिथे गाठ. सगळ्या गाठी सारख्या अंतरावर. खालचे दोनही बांध त्यांच्या जागी.”

मनात म्हातारा चळला असं म्हणत ती पायरीवर बसली. चार गाठींची एक सुतळी झाली. दुसऱ्या गाठीला दोन गाठींचा तुकडा बांधला. मातीतल्या चित्राशेजारी ठेवून तिनं ती नीट सरळ केली. मातीत होतं तेच सुतळीत होतं.

“झालं.”

“उचल.”

“कुठून?”

“कुठूनही.”

तुकडा बांधला होता त्या गाठीलाच चिमटीत धरून तिनं सुतळी उचलली. मघाशी सरळ आडवी पडलेली सुतळी दुमडली आणि खाली लोंबली.

“सगळ्यात खाली कोण पोचलं?”

“दोघं पोचलेत. रेघेचं हे शेवटचं टोक, आणि बांधलेल्या तुकड्याचं.”

“कुठलंही एक धर. बाकीचं सोडून दे.”

तिनं रेघेचं टोक धरलं आणि बाकीचं सोडलं. सुतळी सरसर खाली सुटली. वाऱ्यानं थोडी हलली, मग स्थिर झाली.

“मोज,” सर म्हणाले.

ती वरून बोट फिरवत आली. एक, दोन, तीन… बोट तिसऱ्या गाठीवर जरा थांबलं, मग खाली बांधलेल्या तुकड्यावर उतरलं. चार. पाच.

“पाच आहेत!”

“आणि बाजूला कोण लोंबतंय?”

एकच गाठ लोंबत होती. ती कुठली, हे कळायला तिला वेळ लागला. मातीतल्या रेघेवर जो कार्बन सगळ्यांच्या आधी, मानाच्या जागी बसला होता, तोच बाजूला लोंबत होता. आणि ज्यांना तिनं फांदी म्हणून काढून टाकलं होतं, ते दोघे मुख्य साखळीत होते.

“म्हणजे… म्हणजे ही साखळी वळून खाली गेलीय. मी वळलेच नाही. कधीच वळले नाही, सर. दोन्ही खेपांना मी सरळ तेवढीच रेघ मोजली.”

“नाव?”

“मिथाइल… पेंटेन. कितव्यावर ते… सर, कुठून मोजू?”

“वाटेल तिथून मोज.”

तिनं वरून मोजलं. तीन. खालून मोजलं. तीन. पुन्हा वरून मोजलं, आणि एकदम मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं की मठाच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

“थ्री-मिथाइल पेंटेन!”

सरांनी मातीतलं चित्र पायानं पुसलं आणि दुसरं काढलं. आडव्या रेघेवर आता पाच कार्बन. दुसऱ्याला पुन्हा दोन लोंबते.

तिनं सुतळीकडे हात नेला.

“ती राहू दे,” सर म्हणाले. “परीक्षेत सुतळी नेऊ देत नाहीत.”

“मग उचलू कशानं?”

“हात नेऊ देतात की.”

शमिका उकिडवी बसली. तिनं मातीतल्या चित्रावर चिमूट धरली आणि नुसती हवाच वर उचलली. टोक बदललं, पुन्हा उचललं. ओठ हलत होते. घरच्यांनी पाहिलं असतं तर पोरीला खरोखर बुवाकडेच न्यावं लागतंय म्हणाले असते.

“सहा. हेक्झेन. मिथाइल चौथ्यावर… नाही, थांबा. दुसऱ्या टोकाकडून आलं तर तिसऱ्यावर. फोर नाही. थ्री-मिथाइल हेक्झेन.”

“तिकडूनच का मोजलंस?”

“शाखा त्या टोकाला जवळ आहे ना!” ती म्हणाली, आणि थबकली. हा तर आरतीतलाच नियम. इतके दिवस तिच्या तोंडात होता. आज पहिल्यांदाच तो तिच्या कामाला आला होता.

छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय होतं ते तिला त्या पायरीवर कळलं. पाय हलके झाले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आता भूक लागली. सरांनी मठातला शिऱ्याचा प्रसाद तिच्या हातावर ठेवला. तिनं तो दोन घासांत संपवला आणि हात पुन्हा पुढे केला.

“हे आधी का नाही सांगितलंत, सर?”

“आधी तुझी आरती चालली होती. मध्ये बोलू नये.”

दोघंही हसले. मग सरांनी आणखी चित्रं काढली, वेडीवाकडी, काही उलटी, काही तर मुद्दाम छळायला काढल्यासारखी. काही तिला आली. एक चुकली, तेव्हा तिचं तिलाच कळलं, आणि तिनं हवेतला हात झटकून पुन्हा उचललं. चुकलं म्हणून ती रडली नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. सरांच्या आलं असावं. पण ते पडवळाकडे बघत होते.

उन्हं मांडवावरून उतरली. शमिकानं पायरीवरचं पुस्तक उचललं, काखेत धरलं.

“ते परत करणार होतीस ना?”

“परवा आणून देते. उद्या पेपरला रत्नागिरीला जाताना गाडीत लागेल.”

“आणि ठाणं?”

“मावशीला फोन करते. म्हणावं, पेपर आहे.”

ती फाटकापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग वळली. एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट आत अडकून बसली होती, आणि ती विचारल्याशिवाय तिला उद्याच्या गाडीत बसवलं नसतं.

“सर…”

“हं.”

“घरी, वर्गात, सगळीकडे मला ढ म्हणतात. आता मी स्वतःही म्हणते. ते खरं आहे का हो?”

सर खाली वाकले. पायरीवर राहिलेली गाठींची सुतळी त्यांनी उचलली, फाटकापाशी येऊन तिच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटली.

“त्यांच्यातल्या कुणी उचलून पाहिलं होतं का गो?”