सिंहासनासमोरचा उजेड

बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, फार फार जुनी गोष्ट आहे. एका राज्यात एक दीपशाळा होती. दिवे कुठे, किती उंच आणि कुणाकडे तोंड करून लावायचे, हे तिथे शिकवत. शाळेचे आचार्य भानुभट्ट आयुष्यभर राजसभेचे दिवे लावत आले होते आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

आचार्य थकले, तेव्हा राजाने शिष्यांची स्पर्धा ठेवली. प्रत्येकाने एकेका संध्याकाळी राजसभा उजळायची. जो जिंकेल तो आचार्यांच्या जागी येईल. परीक्षक अर्थातच आचार्य.

तिथली रीत अशी, की परीक्षकाने दाराशी उभं राहून पाहायचं. सिंहासनावर बसून पाहायची हिंमत कोण करणार? त्यामुळे जो तो सिंहासनच उजळायचा. एकाने तर इतके दिवे लावले, की राजाच्या मुकुटाकडे बघवेना. दरबारी खूश झाले. त्यांना खूश व्हायला फारसं लागतही नाही.

शेवटी चंद्रला नावाच्या शिष्येची पाळी आली. तिने सिंहासन अंधुक ठेवलं आणि फिर्यादी उभा राहतो त्या जागेवर सगळा उजेड पाडला. सभेत हशा पिकला. आचार्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पोरी, यात महाराज कुठे दिसतात?"

"महाराजांना सगळेच ओळखतात, आचार्य," चंद्रला म्हणाली. "त्यांना समोरचा माणूस दिसतो का, ते त्यांनी एकदा बसून पाहावं."

राजा सिंहासनावर जाऊन बसला. दाराशी एक विणकरीण ताटकळत होती. कोठाराच्या कारभाऱ्याने मारल्याची तिची फिर्याद आदल्याच दिवशी खोटी ठरली होती. राजाने तिला पुढे बोलावलं आणि तो दचकला.

"बाई, हातावरचे हे वळ काल होते?"

"होते, महाराज. मी हात पुढे केले होते."

"मला दिसले नाहीत," राजा खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या डोळ्यांवर दिवे होते."

आता सारे आचार्यांकडे पाहू लागले. चंद्रलेला जिंकवायचं म्हणजे आपलं जन्मभराचं काम चुकलं, असं भरसभेत कबूल करायचं. म्हातारा दारापासून पुढे आला. मग त्याने दिवे लावायची आपली काठी चंद्रलेच्या हातात दिली.

"मी लोकांना राजा दाखवत राहिलो. हिने राजाला माणूस दाखवला," आचार्य म्हणाले. "मी हरलो. आणि मीच शिकवलेल्या पोरीकडून हरलो, हे गावभर सांगा."

त्यांची मान ताठ होती.

कारभाऱ्याला त्याच संध्याकाळी शिक्षा झाली. तेव्हापासून त्या राज्यात दिव्यांचा परीक्षक आधी सिंहासनावर बसतो आणि मगच निकाल देतो.

तात्पर्य: ज्या उजेडात मोठ्यांना लहानांचं दुःख दिसतं, तोच खरा उजेड.